आधी बाभळीला लावा

केदारखेडा
१२ मे २०२५

बद्रीमामाला अर्पिताचा नमस्कार. मामीला पण सांग.

आरा मशीनवर तुझे कान गेले, फोनवर तुला काही ऐकू येत न्हाई, म्हणून कागद घेतला. सातवीत शाळा सुटल्यापासून एवढं मोठं पहिल्यांदाच लिहून राह्यले. चुकलं तर हसू नको. कल्याणभावजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, पेंडीच्या पोत्यांची गाडी घेऊन मंठ्याला येत राह्यतात. ते स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात हा कागद ठेवतील. उत्तर पण तिथंच ठेव.

परवा सांजच्याला इकडं वादळ झालं. पाऊस थोडाच, वारा लई. आमच्या अंगणातला लिंब तू पाह्यला हायेस, लग्नात त्याच्याखालीच जेवायला बसल्ता. तो मधून फाटला. अर्धा गोठ्यावर पडला. म्हैस बाहेर बांधली होती म्हणून वाचली. राह्यलेला अर्धा उभा हाये, पण घराकडं झुकलाय. बुडापासून वर चीर गेलीय, माझा हात जातो आत. आन् वर एक मोडका फाटा अडकून लोंबतोय, बराबर आमच्या पत्र्याच्या वर. त्या पत्र्याखाली अंतराची झोळी. वादळ आलं तवा ती झोळीतच होती. मी चुलीपाशी होते. कसं पळाले, कसं उचललं, काही आठवत न्हाई.

तवापासून मी तिला खाली ठेवलं न्हाई. आता पण मांडीवर हाये आन् पेन वढून राह्यली. सासूबाई म्हणतात, "माझी, ह्या उषाबाईची नात हाये ती, मांजराचं पिल्लू न्हाई, उतरव खाली." मी उतरवत न्हाई.

हे म्हणतात काही होत न्हाई. सोमेश्वर म्हणून एक जण हाये, झाडं कापायची मशीन घेऊन गावोगाव फिरतो. वादळानं सगळीकडं झाडं पडल्यात, त्यामुळं त्याला फुरसत न्हाई, पुढच्या हप्त्यात येतो म्हणला. मशीन त्याची, दोर आन् ट्रॅक्टर आमचा. दोर हाये आमच्याकडं, विहिरीतली मोटार काढायचा, नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड. हे म्हणतात, मी सोता वर चढतो, दोर बांधतो, खाली येतो, ट्रॅक्टरनं वढतो, खलास. जसं काही भिंतीवरून पतंग काढायचाय.

तू जन्मभर हेच केलंस. तू ये मामा. तू नुसता उभा राह्यला तरी हे ऐकतील, माझं ऐकत न्हाईत.

मी काही घाबरले न्हाई. पण तू ये.

तुझी
अर्पिता


मंठा
१५ मे

चि. अर्पिताला मामाचा आशीर्वाद.

कागद मिळाला. मी हसलो न्हाई. मामी हसली, पण ती कशालाही हसते.

मला येता येणार न्हाई पोरी. घरी गवंडी लागलेत, नवी न्हाणी बांधून राह्यलो. गवंडी सोडून गेलो तर ते पळतात, मंग दिवाळीपर्यंत तोंड दाखवत न्हाईत. पण जे माझ्या डोक्यात हाये ते सगळं लिहितो. तू वावरात माझं जसं ऐकायचीस तसं ऐक.

पहिली गोष्ट. आज सांजच्याला शेण आन् माती कालव आन् त्या चिरेवर आडवा लेप दे, चांगला तळहाताएवढा. सकाळी बघ. लेप तसाच असला तर झाड थांबलंय. लेप फाटला असला तर झाड चालून राह्यलंय. चालत असंल तर घरात एक पण माणूस झोपायचा न्हाई. भांडी राहू द्या, माणसं काढा.

दुसरी. कोणीच वर चढायचं न्हाई. फाटलेल्या झाडावर चढायचं म्हणजे मोडक्या खाटेवर उभं राहून दिवा लावायचा. जावयाला, अंगदरावला सांग, मामानं बिलकुल नको म्हणलंय. दोर खालून वर टाकता येतो. एक जुना मोजा घे, त्यात वाळू भर, तोंड बांध, त्याला सुतळी बांध. गोफणीसारखा फिरवून वरच्या खांदीच्या बेचक्यातून पलीकडं टाक. सुतळी गेली की तिच्या टोकाला जाड दोर बांधून वढून घे. तू ज्वारी राखताना गोफणीनं पाखरू उडवायचीस. मी सांगायचो तो दगड बराबर त्या कणसापाशी पडायचा. हात विसरला नसंल.

तिसरी, दोर. दोर झाडाच्या उंचीहून लांब पाहिजे, म्हणजे झाड पडलं तरी ट्रॅक्टरपर्यंत येत न्हाई. आन् नायलॉनचा मला आवडत न्हाई. तो लांबतो, लांबतो, आन् तुटला की सापासारखा मागं येतो. वडीगोद्रीला हायवेवर ट्रकवाल्यांच्या दुकानात पॉलिस्टरचा दोर मिळतो, तो कमी लांबतो. बाजारातला पिवळा प्लास्टिकचा घेऊ नका, उन्हानं त्याचा भुगा होतो आन् गाठ सरकते. तुमचाच वापरायचा असंल तर आधी त्याचे पीळ उकलून आत बघ. आत काळं, पिठूळ न्हाईतर वास मारणारं असलं तर टाकून दे.

चवथी. तो लोंबता फाटा. त्याच्याखाली कोणी जायचं न्हाई, लेकरू न्हाई, म्हैस न्हाई, कोंबडी पण न्हाई. तो कधी पडंल हे त्याला पण माहीत न्हाई.

पायात चप्पल नको, बूट. डोक्यावर गाडीचं हेल्मेट असंल ते घाला, लोक हसू दे.

तू घाबरली न्हाईस हे वाचून बरं वाटलं. झाडापाशी घाबरट माणूस कामाचा न्हाई.

तुझा
मामा


केदारखेडा
१८ मे

मामा,

मी खोटं लिहिलं होतं. मी लई घाबरले. पान हाललं तरी मी अंतराला घेऊन अंगणाबाहेर पळते. तुला वाटलं असंल मोठी झाली पोरगी. न्हाई झाली.

पण तू सांगितलं तसं केलं. अंतराला एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं लेप दिला. लेप देताना मी झाडाशीच बोलत होते, थांब रे बाबा, थांब. सकाळी बघितलं तर लेप मधून फाटल्याला. चीर बोटाच्या पेरानं वाढली होती.

मी ह्यायला बोलावलं. हे म्हणले, "वाळल्यामुळं फाटला, शेण वाळतंच." मी म्हणलं, "मंग भिंतीवर पण तेच दिलंय मी, त्याच वक्ताला, ते का न्हाई फाटलं?" मी मुद्दाम भिंतीवर एक दिल्ता मामा, तू न्हाई सांगितलं तरी. सासूबाई आत गेल्या, देवाची पेटी आन् लोणच्याची बरणी उचलली आन् म्हणल्या, "चला." तवापासून आम्ही सगळे कांताबाईच्या पडवीत झोपतो, गल्लीच्या पलीकडं. कांताबाई चांगली हाये, पण सकाळी उठल्यापासून विचारती, पडलं का, पडलं का. जसं काही मी बाळंतपणाला बसले आन् सासूबाईला दुसरी नात होणार हाये.

दोर मी उकलून बघितला. आत पांढराशुभ्र. काळं न्हाई, वास न्हाई. हे म्हणले, "बघ, मामाच्या सगळ्या परीक्षेत पास झाला." वापरला पण जास्त न्हाई, मोटारीच्या खोलीतच पडलेला राह्यतो, मोसंबीच्या ड्रिपच्या नळ्या धुवायचं अ‍ॅसिड ठेवतो ना आम्ही, त्या कॅनवर गुंडाळून. उन्हात न्हाई, पावसात न्हाई. म्हणून ह्यायनी वडीगोद्रीचा दोर आणायचं रद्द केलं. म्हणले, फुकटचा खर्चा कशाला.

चढायचं पण ह्यायनी सोडलं न्हाई. म्हणतात, मोजा फेकायला मी काय पोरगं हाये का. सोमेश्वर बुधवारी येणार.

आन् तू. मामा, उन्हाळ्यात प्यायला पाणी न्हाई मंठ्यात आन् तू न्हाणी बांधून राह्यलास? आई गेल्यावर तू मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीस, आन् आता गवंडी पळतील म्हणून येत न्हाईस. चिठ्ठी न्यायला पण हॉटेलात मामीच येती म्हणले कल्याणभावजी. लग्नात आमच्याकडच्यांनी तुला मागच्या पंगतीला बसवलं ते मनात हाये का अजून? असंल तर तसं लिही. गवंडी सांगू नको.

बुधवारच्या आधी उत्तर पाठव. न्हाईतर राहू दे.

अर्पिता


मंठा
२० मे

अर्पिता,

मी मामी लिहून राह्यले, मामा सांगून राह्यलाय. त्याचा हात सिमेंटनं भरलाय. हॉटेल बंद होतं म्हणून कल्याणराव घरीच आले, बाहेर गाडी चालू ठेवून उभे हायेत, म्हणून जल्दी लिहिते. आता मामाचं बोलणं.

त्या दोराला हात लावू नका. ड्रिपचं अ‍ॅसिड नायलॉनला खातं. कॅनचं झाकण बंद असलं तरी वाफ येतच राह्यती. आत पांढरा दिसंल, बाहेर नवा दिसंल, वास येणार न्हाई आन् जीव गेलेला असंल. उकलून बघ एवढंच मी सांगितलं, ठेवता कुठं हे मी विचारलंच न्हाई.

अंगदराव माझं ऐकणार न्हाईत, मला माहीत हाये. ऐकायला सांगू नको. दोरालाच विचारा. तो आधी बाभळीला लावा. एक टोक बांधावरच्या जित्या बाभळीला, एक ट्रॅक्टरला. दोराच्या मधोमध ओली गोधडी टाका, दोर तुटला तर ती त्याचा जोर खाती. ट्रॅक्टरच्या सीटच्या मागं लाकडाचं जाड काहीतरी उभं बांधा. बाकीचे सगळे लांब, दोराच्या रेषेत कोणी न्हाई. मंग हळूहळू वढायचं. टिकला तर वापरा, मी माझं तोंड बंद करतो.

आन् मागच्या कागदात मी उलटं लिहिलं. झाडापाशी घाबरट माणूसच ठेवावा. भिंतीवर दुसरा लेप द्यायचं मला जन्मात कधी सुचलं न्हाई. तुला भीतीनं सुचलं.

मागची पंगत माझ्या मनात न्हाई. तिथं वाढपी चांगला होता, दोनदा जिलेबी वाढली.

मामाच्या वतीनं,
तुझी मामी


केदारखेडा
२४ मे

मामा आन् मामी,

सगळं सांगते. शेवटचं आधी सांगते म्हणजे जीव भांड्यात पडंल. झाड पडलं. माणसं सगळी हायेत. म्हैस हाये. घर हाये.

आता पहिल्यापासून.

बुधवारी सकाळी सोमेश्वर मशीन घेऊन आला. अर्धं गाव बघायला आल्तं. ह्यायनी दोर खांद्यावर टाकला आन् चप्पल काढून झाडाकडं निघाले, तेवढ्यात कल्याणभावजीची गाडी आली आन् तुझा कागद माझ्या हातात पडला. मी तिथंच वाचला. ह्यायला सांगितलं तर हे म्हणले, "आता लोकांसमोर नको." सोमेश्वर म्हणला, "वहिनी, दोराची पत्रिका जुळवायची असंल तर भटजी बोलवू का?" सगळे हसले.

मी मंग काय केलं, ट्रॅक्टरवर चढले. अंतरा कडेवर. किल्ली काढली आन् मुठीत धरली आन् सीटवर बसले. म्हणलं, "आधी बाभळीला लावून वढा. मंगच मी उतरते."

हे म्हणले, "उतर अर्पिता."

मी म्हणलं, "न्हाई."

"लोक बघून राह्यलेत."

"बघू द्या. मी पण बघायलाच बसले."

माझा आवाज फाटून निघाला, पण निघाला. सासूबाई काही बोलतील वाटलं. त्या पुढं आल्या, ह्यायच्या खांद्यावरचा दोर काढून खाली टाकला आन् म्हणल्या, "तुझ्या बापानं पण कोणाचं ऐकलं न्हाई कधी. लाव बाभळीला."

मंग लावला. गोठ्याचं मोडकं दार सीटच्या मागं उभं बांधलं. त्याच्यावर तर लई हसले लोक. कोणी म्हणलं, "अंगद्या, आतून कडी घाल रे, बायको येईल!" माझ्या बाळंतपणातली गोधडी भिजवून दोरावर टाकली. मी सगळ्यायला हाकलून पार कांताबाईच्या ओट्यापर्यंत मागं नेलं. तवा किल्ली दिली.

ह्यायनी ट्रॅक्टर हळू पुढं घेतला. दोर ताठ झाला. लांबला. अजून लांबला, मी म्हणलं माझीच बदनामी झाली आता. आन् फट्टकन आवाज आला. बाभळीपाशी तुटला. तुटका दोर गोधडीला घेऊन उडाला आन् दाराच्या फळीवर असा बसला की फळी उभी चिरली. गोधडी नसती तर काय झालं असतं, मी विचार करत न्हाई. दाराच्या पलीकडं बराबर ह्यायचं डोकं होतं.

कोणीच हसलं न्हाई मंग. सोमेश्वरनं डोक्यावरचं फडकं काढलं. हे ट्रॅक्टरवरून उतरले, दोराचं तुटकं टोक उचललं, बोटानं चोळलं, तर त्याचे धागे वाळक्या कडब्यासारखे तुटत होते. बाकीचा दोर नव्यासारखा. मंग माझ्याकडं न बघताच कल्याणभावजीला म्हणले, "वडीगोद्रीला कवा जाणार? मामा म्हणतात तोच आणायचा. दुसरा देत असले तर घेऊ नको." आन् सोमेश्वरला म्हणले, "परवा ये. तोवर कोणी झाडाखाली जाणार न्हाई."

दोर आला. पांढरा, मधी निळा धागा, हाताला जड. मी आधी पायाखाली धरून दोन्ही हातानं वढून बघितला. आपल्या परकराची नाडी असती ना मामी, तसा. इलास्टिकसारखा न्हाई. मला तेवढं समजलं आन् पुरलं. तो पण आधी बाभळीला लावला. ह्या वक्ताला ह्यायनी सोता लावला, मी सांगायच्या आधी. टिकला.

काल मंग पाडलं. मोज्यात वाळू भरली, ह्यायचा लग्नातला मोजा, एकच सापडला. ह्यायनी तीनदा फेकला, तिन्ही वक्ताला खांदीच्या खालूनच परत आला. सोमेश्वरनं फेकला तो कांताबाईच्या पत्र्यावर गेला. आतून ती ओरडली, "पडलं का?"

मी म्हणलं, "द्या इकडं."

पण अंतरा कडेवर होती. एका हातानं फिरवता येत न्हाई. मी उभीच राह्यले. हे जवळ आले आन् दोन्ही हात पुढं केले. हळूच म्हणले, "मी हाये ना. ओट्यावर नेतो, पार मागं." मामा, वादळापासून मी तिला कोणाकडं दिली नव्हती. आंघोळीला पण न्हाई. माझे हात सुटत नव्हते, खरंच सांगते. मंग सोडले. हे तिला घेऊन ओट्यावर गेले आन् भिंतीला पाठ लावून उभे राह्यले.

मी पदर खोचला. तू म्हणायचास, दगडाकडं बघू नको, कणसाकडं बघ. पहिला गेला उंच पण वाकडा. दुसरा सुतळी घेऊन बराबर बेचक्यातून पलीकडं उतरला. सोमेश्वर म्हणला, "वहिनी, माझ्याबरोबर चला कामाला." सासूबाई म्हणल्या, "शिकवणार कोण कोणाला, तू तिला का ती तुला?"

दोर वर गेला, ट्रॅक्टर लांब मोकळ्या वावरात उभा, त्याच्या मागं दाराची दुसरी फळी. सोमेश्वरनं घराच्या उलट्या अंगानं कापलं, हेल्मेट घालून, गपचूप. अंतराला सासूबाईकडं देऊन हे ट्रॅक्टरवर बसले, मी खूण केली तवा वढलं. खूण माझीच होती, सगळ्यायनी तसं ठरवलं. लिंब आधी थोडा कण्हला, मंग वावरात आडवा झाला. तो लोंबता फाटा पण त्याच्यासंगंच गेला. पत्र्यावर एक काडी पडली न्हाई.

मी खाली बसले आन् रडले. पण ते घाबरून न्हाई.

आता तुझं. कल्याणभावजीनं काल जेवताना सांगितलं. मामीनं शपथ घातली होती म्हणे, झाड पडेपर्यंत बोलायचं न्हाई. पडलं, म्हणून बोलले. तू खाटेवर हायेस. संक्रांतीपासून. न्हाणीत पाय घसरला आन् खुबा मोडला. हात सिमेंटनं भरला न्हाई, तुला बसूनच लिहिता येत न्हाई. पहिला कागद तू आडवा पडून लिहिलास, म्हणून अक्षर चढाला लागल्यासारखं वर वर गेलंय. मी काय काय लिहिलं तुला. पंगत म्हणले, गवंडी म्हणले.

का न्हाई सांगितलंस?

अर्पिता


मंठा
२७ मे

चि. अर्पिताला आशीर्वाद.

कल्याणरावच्या पोटात काही ऱ्हात न्हाई. चांगला माणूस हाये, त्याला पेंडच वाहू दे.

काय सांगणार होतो? साऱ्या तालुक्यातल्या चिंचा, वड, बाभळी उतरवल्या, कधी खरचटलं न्हाई, आन् पडलो कुठं, न्हाणीत, साबणावरून, हातात तांब्या घेऊन. मामीनं आवाज ऐकला तर म्हणती, "काय सांडलं?" मी म्हणलं, "मीच."

आन् दुसरं. ज्याला सोताला उठून बसता येत न्हाई, त्याचं ऐकून तू ट्रॅक्टरवर बसली असतीस का? मला वाटलं न्हाई बसणार. म्हणून गवंडी सांगितले. गवंडी पण खोटे न्हाईत, ते हायेत, खाली फरशी खडबडीत बसवून राह्यलेत.

खुब्यात सळई टाकली. डॉक्टर म्हणतो रोज उठून बसायची प्रॅक्टिस करा न्हाईतर असेच राह्यचे. मामीच्यानं मी उचलला जात न्हाई. ती जोर लावती, मी जोर लावतो, दोघं पण आडवे होतो आन् ती हसती. मंग मी म्हणतो, राहू दे आज.

मोजा बेचक्यातून गेला हे मी दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वक्ताला मामी म्हणली, आता पुरे.

तू येऊ नको. लेकरू लहान हाये, ऊन लई हाये.

मामा


केदारखेडा
३० मे

मामा,

"आज राहू दे" बंद. मी येऊन राह्यले. रविवारी, कल्याणभावजीच्या गाडीत, हे पण येतात. सासूबाईनं लोणच्याची बरणी दिलीय, तीच जी वादळात वाचवली.

वडीगोद्रीचा दोर घेऊन येते. काम झालं त्याचं, पण जीव हाये त्याच्यात अजून, मी सगळा हातानं चाचपून बघितला. आता हवेशीर खुंटीवर टांगलाय. अ‍ॅसिडचा कॅन ह्यायनी दुसरीकडं हलवला, मी सांगितलं न्हाई.

तुझ्या खाटेच्या वरती आढ्याला बांधते. खाली एक आडवी काठी. दोन्ही हातानं धरायची आन् सोताला वढायचं, मामीला वढायचं न्हाई. कांताबाईचा सासरा असाच उठायचा, तिनंच सांगितलं मला.

तोवर मामीनं एक काम करायचं. आढ्याचं लाकूड चाकूनं टोचून बघायचं, वाळवी लागली का. वरून नवं दिसंल, आतून बघा. टोक मऊ आत गेलं तर मला कळवा, ह्यायला बरोबर लोखंडी पाइप घ्यायला सांगते.

बांधल्यावर आधी मी लोंबकळून बघीन. मंग हे लोंबकळतील, ते माझ्याहून जड हायेत. मंग तू. मामीला सांग खाटेपासून लांब उभी राह्य आन् हसू नको, न्हाईतर तुझा जोर जातो.

अंतराला मी आता झोळीत ठेवते. दुपारी ती झोपली होती आन् मी वावरात जाऊन आडव्या लिंबाच्या फांद्या तोडत होते, कोयत्यानं, बूट घालून. लांबून झोळी हालताना दिसत होती. कापायचं लई हाये अजून, पावसाळ्याच्या आत उरकतो आम्ही.

मामा, पहिल्यांदा उठताना तुला भीती वाटंल. वाटू दे. फक्त दोर सोडू नको.

तुझी
अर्पिता